टक्कल बघून दिलेलं मत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (पाठ आता साष्टांगाला वाकत नाही. डॉक्टरांनी फक्त ताठ बसायला सांगितलंय, आणि बसणं हे एकच काम मी गेली अकरा वर्षं सरकारी खर्चाने मन लावून करतोय, तेव्हा नमस्कार बसूनच.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढणं कमी केलंस का, की अजून प्रत्येक बाळंतिणीची उशी स्वतःच सारखी करतेस? भाऊजी कानाचं यंत्र लावतात का? की तू बोलायला लागलीस की काढून खिशात ठेवतात? आम्ही इथे बरे आहोत. हिने सरकारी घराच्या मागच्या अंगणात लावलेल्या लिंबाला यंदा पहिल्यांदा फळ धरलं, म्हणून ती खुशीत आहे.

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी गावात माझा सत्कार ठरवलायस, तो रद्द कर. मांडववाल्याला सांग, पाहुण्यांना सांग, आणि त्या बोर्डावर 'निर्भीड' असा शब्द घातला आहे असं भाची म्हणाली, तो आधी पुसून घे. रागावू नकोस, कारण वाच. हे मी तुला फोनवरच सांगणार होतो. पण हिवाळा गेला, उन्हाळा गेला, तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस, आणि परवा अचानक फोन करून "धाकट्या, तू आमची लाज राखलीस रे" म्हणालीस आणि रडलीस. तुला रडताना मी आपली आई गेली त्यानंतर ऐकलं नव्हतं. मग मी नुसता हं हं करत राहिलो.

तू का रुसली होतीस ते मला ठाऊक आहे. लहान प्रसूतिगृहं बंद करून मोठ्या रुग्णालयांत घालायचं ते विधेयक आमच्याच पक्षाचं. त्यात तुझं बारा खाटांचं प्रसूतिगृह जाणार, आणि गावातल्या बायकांनी कळा येऊ लागल्या की दोन तासांवरच्या शहराची वाट धरायची. तू मला विरोधात मत द्यायला सांगितलंस, मी पक्षशिस्तीवर तुला तीन पानी पत्र पाठवलं, आणि तू ते पत्र पाकिटासकट परत पाठवलंस. (माझी धाकटी तुझ्याच हातावर जन्मली, पायाळू होती, आणि त्या दिवशी आम्ही शहराकडे निघालो असतो तर वाटेतच काय झालं असतं, हे तू मला त्या वेळी ऐकवलं नाहीस. मलाच ते अधूनमधून ऐकू येत होतं.)

तर मी विरोधात मत दिलं, हे खरं. विधेयक एका मताने पडलं, हेही खरं. पण ताई, मी ते चुकून दिलं.

कसं ते नीट सांगतो, कारण वरच्या सभागृहात मतदान कसं होतं याबद्दल लोकांच्या फार उदात्त कल्पना आहेत. आमच्याकडे बटणं नाहीत. सभापतींनी मतदान पुकारलं की घंटा वाजते. ती वाचनालयात, उपाहारगृहात, न्हाव्याच्या खोलीत, सगळीकडे वाजते, आणि सदस्य जिथे असतील तिथून उठून सभागृहात येतात. सभापतींच्या उजव्या हाताला 'होय'चं दार, डाव्या हाताला 'नाही'चं. ज्याला जे म्हणायचं असेल त्या दाराने त्याने बाहेर पडायचं, दारापलीकडे टेबल टाकून बसलेला कारकून नावावर खूण करतो. घंटा थांबली की दारं बंद. तोंड उघडायची गरज नाही. म्हणूनच मी तिथे टिकलो.

भाचीने कुठूनसा माझ्या कारकिर्दीचा तक्ता काढून पाठवला होता. (वकील झाल्यापासून ती मामाला आरोपीसारखं वागवते.) त्यात लिहिलंय की माझी उपस्थिती उत्तम, प्रश्न दोन, भाषण एक, आणि पक्षाबरोबर मतदान शंभर टक्के. दोन प्रश्नांपैकी एक विश्रांतिकक्षातल्या पंख्याबद्दल होता. दुसरा तोच, कारण पंखा दुरुस्त झाला नव्हता. भाषणाचा संपूर्ण मजकूर असा : "सभापती महोदय, माईक चालू नाही." पण ते शंभर टक्के बघून प्रतोदाने (म्हणजे आमची मतं हाकून आणणारा आमच्याच पक्षाचा माणूस) माझ्या पाठीवर थाप मारली होती.

त्या शंभर टक्क्यांचं श्रेय माझं नाही, समोरच्या बाकावरच्या टकल्याचं आहे. टकल्या म्हणजे आमच्याच पक्षाचा, माझ्याच वयाचा, बिचारा विधुर माणूस. अकरा वर्षं त्याचं डोकं माझ्यासमोर आहे. उजव्या कानामागे एक मस आणि मध्यभागी किंचित खळगा. माझा स्वतःचा चेहरा मी इतका निरखून पाहिलेला नाही. विधेयकं हजार पानांची असतात, ती कोण वाचतो? पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की टकल्या गर्दीत कधी गोंधळत नाही, घंटा वाजली की थेट निघतो. मीही त्याच्या मागोमाग निघायचो. कधी कधी बाहेर आल्यावर त्यालाच विचारायचो, आज कशाचं होतं रे? तो म्हणायचा, बंदरांचं असावं. लोक मला नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात ते अगदी खोटं नाही, माझ्या नाकासमोर टकल्या असायचा.

आता दैव बघ. दोघांचीही दुसरी मुदत संपत आलीय, पुन्हा उमेदवारी मिळायची तर नवा फोटो द्यायचा होता, आणि टकल्याला कुणीतरी सुचवलं की तरुण दिसायला हवं. त्या दिवशी तो केसांचा टोप घालून आला. दाट, काळाभोर, भांग पाडलेला. मला न सांगता! मी उपाहारगृहात डुलक्या घेत होतो, घंटा वाजली, धडपडत आत आलो, आणि समोरच्या गर्दीत एक टक्कल दिसलं. एकच होतं. मी त्याच्या मागे निघालो. मस दिसली नाही, पण माझ्या डोळ्यांत अजून झोप होती. टेबलापाशी कारकुनाने मान वर करून माझ्याकडे दोनदा पाहिलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. पलीकडे गेल्यावर ते टक्कल वळलं, आणि तो विरोधी पक्षाचा उपनेता निघाला.

परत फिरावं तर दार बंद झालेलं. आजूबाजूला सगळे विरोधक. त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी बाकावर सरकून मला जागा दिली, पाण्याचा पेला पुढे केला आणि हळूच विचारलं, तुम्ही इकडे कसे? मी म्हटलं, बूट चावतोय. (बूट तूच दिलेले, पहिल्यांदा निवडून आलो तेव्हाचे. चावत बिलकुल नाहीत, करकरतात तेवढे.) त्यांनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं, मला भरून आलंय.

निकाल लागला आणि कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ पडली. एका मताने! दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत माझा फोटो. विवेकाचा आवाज, मौनी सदस्याचा बाणा, काय काय. पत्रकारांनी गाठून विचारलं तर मी घाबरून काहीच बोललो नाही, तर तोही बाणाच ठरला. आणि एक सांगू? लाज वाटली, पण आवडलंही. अकरा वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की तुमचं मत काय आहे.

प्रतोदाने मात्र मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा मागवला. मग समजावून सांगितलं की आमच्या सभागृहाचा एक जुना रिवाज आहे : चुकून भलत्या दाराने गेलेल्या सदस्याने आठवड्याच्या आत उभं राहून तसं सांगितलं, आणि त्याच्या एका मताने निकाल फिरत असेल, तर सभापती तेच मतदान पुन्हा घेतात. मी उभं राहायचं, चूक झाली म्हणायचं, घंटा पुन्हा वाजेल, मी योग्य दाराने जाईन, विधेयक मंजूर होईल आणि तिसऱ्या उमेदवारीत अडचण राहणार नाही. नाही म्हटलं तर हे मत जाणूनबुजून दिलं असं धरतील, आणि मग उमेदवारी विसरायची, घर विसरायचं. हिचा लिंबही विसरायचा, हे त्याने म्हटलं नाही, मीच मनात म्हटलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं दाबून गप्प राहिलो तर मी मोठा माणूस, तुझं प्रसूतिगृह शाबूत, गावात सत्कार. खरं बोललो तर मी मेंढरू ठरतो आणि बाळंतिणी शहराच्या वाटेला लागतात. असा पेच मी कधी ऐकला नव्हता. तीन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या, तेव्हा ही म्हणाली, एक तर बूट काढा नाहीतर निर्णय घ्या.

शेवटी ठरवलंय, उद्या उभं राहून खरं काय ते सांगायचं. सभागृहात मी आजवर पंखा आणि माईक सोडून काही बोललो नाही, म्हणजे खोटंही बोललो नाही. आता म्हातारपणी सुरुवात कशाला? पुढे काय होईल ते तुला कळेलच, आणि तू पुन्हा बोलणं टाकशील, तेही मला कळतंय. पण जो माणूस डोकं बघून चालला त्याच्यासाठी तू गुडघे दुखवत मांडवात उभी राहावीस, हे मला सोसणार नाही. म्हणून सत्कार रद्द कर.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद (तिने तक्ता फाडला तर दुप्पट).

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्र कोटाच्या खिशातच राहिलं, म्हणून हे उपाहारगृहात बसून खाली लिहितोय. आज उभा राहिलो. माईक या वेळी चालू होता. म्हटलं, सभापती महोदय, मी त्या दिवशी डोळ्यांत झोप घेऊन भलत्याच माणसाच्या मागे गेलो, चूक झाली. सभागृह पोट धरून हसलं. टकल्या टोपाखाली लाल झाला. पत्रकारांच्या सज्जातले लोक चेहरे पाडून बसले, त्यांचा बाणा गेला. सभापतींनी रिवाजाप्रमाणे मतदान पुन्हा पुकारलं.

घंटा वाजली तेव्हा मी सवयीने समोर पाहिलं, तर समोर कोणीच चालत नव्हतं. सगळे आपापल्या जागी थांबून माझ्याकडे बघत होते, मी कुठे जातो ते. प्रतोद 'होय'च्या दारात उभा राहून यजमानासारखा हसत होता. ताई, मला धाकटीच्या जन्माचा दिवस आठवला, दुसरं काही नाही. तू बाहेर येऊन मला, पोरगी चांगली आहे, आता तू बस, असं म्हणाली होतीस. मी डावीकडे वळलो. सगळ्या सभागृहात फक्त तुझे बूट करकरत होते. कारकुनाने विचारलं, महोदय, नक्की? मी म्हटलं, आज मी जागा आहे.

तेव्हा सत्कार रद्द करू नकोस. 'निर्भीड' मात्र पुसच, पाय लटपटत होते.

ता. क. २ – मागच्या वेळी विधेयक एका मताने पडलं, आज तीन मतांनी पडलं. एवढी मतं वाढली कशी म्हणून वळून पाहिलं, तर माझ्या मागे टकल्या. मी म्हटलं, अरे, तू इकडे कुठे? तो म्हणाला, मी अकरा वर्षं तुझ्या बुटांच्या आवाजावर चालतोय, मागे करकर ऐकू आली की समजायचं दार बरोबर आहे. मागच्या वेळी ऐकू आली नाही तेव्हापासून मला झोप नाही. टोप त्याने तिथेच काढून खिशात घातला.

ता. क. ३ – ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? या महिनाअखेर सरकारी घर सोडायचंय. तुझ्याकडची मागची खोली रिकामी करशील का? मी घरी पोचायच्या आत हिने खोकी गोळा करायला घेतली होती. लिंबाचं रोप मुळांसकट आणता येईल का, एवढंच तिने विचारलं. आणि पुढच्या खोलीतही एक खाट टाकून ठेव. टकल्याने विचारलं की तू आता कुठे जाणार, मी म्हटलं ताईकडे. तोही निघालाय.