छावणीच्या दिव्यांतलं सिमेंट

मुक्काम दिंद्रुड

परळी वैजनाथचे आमचे व्याही राधाकिशनराव यांना सुंदररावाचा हात जोडून रामराम. गुडघा कसा हाय? तिकडच्या वीज कारखान्याच्या राखेच्या धुळीत लई हिंडू नका. इकडं पाऊस न्हाई, बाकी खुशाल. तुमची सूनबाई, आमची सारजा, माहेरपणाला आलीय, तीही खुशाल. (जरा जास्तच. पुढं येईल.)

पत्रास कारण, माझं डोकं अजून जाग्यावर न्हाई. आमच्या दूध सोसायटीनं दुष्काळात जनावरांची छावणी घातली अन् मी चेअरमन म्हणून तिथले सगळे मोठे दिवे तुमच्या दुकानातून आणले. उघडून बघितले न्हाईत. (लेक दिलेल्या घरचा माल कोण तपासतंय.) परवा विजेचा साहेब आला, मीटर बघून म्हणाला, पॉवर फॅक्टर लई खाली गेलाय. म्हणे दिव्यांना वीज पुरवणारे हे मागचे डबे वीज संथ पीत न्हाईत, तहानलेल्या म्हशीवानी हिसके मारून ओढतात, म्हणून अशा डब्यात पॉवर फॅक्टर सुधारणारी कॉइल असलीच पाहिजे, असा नियम हाय. मी ऐटीत डब्यावरचा स्टिकर दाखवला, 'पॉवर फॅक्टर सुधारित'. त्यानं स्क्रू काढले. आत कॉइलच्या जागी सिमेंटचा गोळा, वजन भरायला. व्याही, मी मटकन खाली बसलो. (शेणात. पण उठायचं भान ऱ्हायलं न्हाई.)

साहेब म्हणाला, सोमवारपर्यंत डबे बदला, न्हाई तर जोडणी तोडतो. जोडणी तुटली की टँकरचं पाणी हौदात चढवणारी मोटार बंद, अन् गावाची सगळी जनावरं कोरडी. लगेच सभा भरली. बंकटनं (माझ्या खुर्चीवर टपलेला माणूस) विचारलं, माल कुणाचा? तुमचं नाव घ्यावं तर लेकीचा संसार, न घ्यावं तर मुकी जनावरं. तर सारजाच उठली अन् म्हणाली, माल आमच्याच दुकानचा हाय, स्टिकर मी सासूबाईंसंगं बसून माझ्या हातानं चिकटवलेत, आत काय हाय ते आज कळलं.

तुमच्याविषयी मनात काही न्हाई. तुमालाही कुणीतरी फसवलंच असणार. लोभ असू द्यावा.

ता.क. : कॉइलवाले डबे सोमवारच्या आत पाठवा. ते आल्याबिगर सारजा सासरी यायचं न्हाई म्हणते.

ता.क. दुसरा : पाठवू नका, स्वतः घेऊन या. सभेनं छावणीचा कारभार माझ्याकडून काढून सारजाला दिलाय. (तिच्या नावाची म्हैस असल्यानं ती सभासद हाय. नाव बंकटनं सुचवलं, अनुमोदन मला द्यावं लागलं.) प्रत्येक डबा ती उघडून बघणार हाय. जेवण तयार असेल, पण ताट माल पास झाल्यावर, असं तिनं तिच्या आईला बजावलंय.