चारशे सोळा झाडं

कोरेगाव,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

चि. नौशीनला अब्बाचा सलाम आणि दुआ.

इकडं सगळे खुशाल. अम्मीचा गुडघा आता जिना चढू देतो. तुझ्या खिडकीखालच्या जाईला गुटी कलम बांधलं होतं, एकविसाव्या दिवशी मुळं दिसली. दीड वर्ष तुला पत्र नाही, आणि तुझा फोन आला की मी तो अम्मीच्या हातात देतो. तुझ्या ध्यानात आलंच असेल.

त्या ग्रामसभेत तू उभी राहून विचारलंस, "जनुकं बदललेलं झाड कुंपणातच राहील, याची हमी कोण देणार?" मी सगळ्यांदेखत हसलो. म्हणालो, "कॉलेजात झाडं शिकवणारीनं आधी एक तरी कलम बांधून दाखवावं." गाव हसलं. तू न जेवता सांगलीची एस.टी. धरलीस.

हमी मीच दिली होती. कंपनीच्या प्लॉटवर कागदासाठी घडवलेल्या चारशे बारा सुबाभळी. रोज शिडी लावायची, बी धरू नये म्हणून दिसेल ती कळी खुडायची, नोंद करायची. नववीत शाळा सुटलेल्या माणसाची वही पाहून तपासणीला आलेले दिल्लीचे साहेब म्हणाले, "ऐसा रजिस्टर तो पीएचडीवाले भी नहीं रखते." तुझा हरकतीचा अर्ज त्याच वहीवर फेटाळला गेला. मे महिन्यात चाचणी संपली, झाडं मुळासकट काढून जाळली. 'एकही रोप बाहेर गेलेलं नाही' याखाली सही माझी.

आता लिहितो.

रोपवाटिकेवाल्याच्या खिशात ओलं फडकं असतंच. चांगलं झाड दिसलं की एक फांदी फडक्यात. आमच्यात याला कुणी चोरी म्हणत नाही. कंपनीचे साहेब एकदा म्हणाले, सुबाभळीची फांदी मुळं धरत नाही. मी प्लॉटवरच्या सात नेल्या. चार जगल्या. त्या केरबाच्या बांधावर लावल्या.

प्लॉट जळत होता तेव्हा त्या चार आठवल्या नाहीत, असं मी स्वतःला सांगत आलो. आठवल्या होत्या.

बांधावर कळ्या खुडायला कुणी नव्हतं. परवा केरबा खुशीत आला. "बादशाभाई, झाड लय गुणाचं हाय रं तुझं! शेंगा शेरडं मिटक्या मारत खात्यात. लेंडी पडंल तितं रोप. पार वढ्यापतुर गेल्यात बघ."

काल चारही तोडली. केरबा म्हणाला, "याड लागलं का काय गड्या?" खालची रोपं उपटली, एकशे सदतीस. आज सकाळी त्याच जागी आणखी सव्वीस. ओढ्याकाठची मोजायला बसलो आणि उठून आलो. बी मातीत दहा-दहा वर्षं थांबतं, हे तू सभेत सांगितलं होतंस. तेव्हा मी हसत होतो.

सोबत माझा लेखी जबाब आहे, तारखांसकट. तुझ्या फेटाळलेल्या अर्जाला जोड आणि तो पुन्हा दे. मला वाचवायला एक ओळही गाळू नकोस. आता माझ्या वहीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, ते बरोबरच आहे.

आमचा ओढा कृष्णेला मिळतो, आणि कृष्णा तुझ्या सांगलीच्या घाटाखालून जाते. काठावर सुबाभळीचं रोप दिसलं तर तू थांबशील, मला ठाऊक आहे. पण बघून कळणार नाही, बेटा. साधी आणि ही, पान अगदी सारखं. मी भिंग लावून पाहिलं.

चारशे बारांवर सही केलेला,
चारशे सोळांचा धनी,
तुझा अब्बा
बादशहा