बोल्टखालचा शेंदूर

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४, दसरा

अँटेना लागला. पिकअपच्या केबिनमागच्या कॅरिअरला, काळी काडी, हातभर उंच. जळगावच्या सुरेशचंदजींच्या दुकानातून वायरलेस सेटसोबत आणला. ते म्हणाले होते, "नाना, अर्थची वायर बॉडीला घ्या. रंग खरवडा, पत्रा पांढरा दिसला की मगच बोल्ट आवळा. सगळा खेळ अर्थवर आहे."

खरवडला. आवळला. मग गाडीची पूजा. हार, झेंडू, आपट्याची पानं. सगळा खेळ ज्या बोल्टवर, त्याला नुसतं वरून बोट टेकवायचं मला लबाडी वाटली. नट पुन्हा ढिला केला, वायरीच्या कडीखाली तेल-शेंदूर भरला आणि आवळला. देव आत गेला पाहिजे.

रविवार, १३ ऑक्टोबर

वायरलेस कशाला, असं गाव विचारतं. मी सांगतो, डोंगराकडे मोबाईलला रेंज नसते, गाडी अडकली तर बरं.

खरं इथे लिहितो. माझी लेक भूमिका रोज संध्याकाळी सातला पिंप्राळ्यातल्या तिच्या घरून हौशी वायरलेसवाल्यांची हजेरी घेते. जावयाचा नाद, आता तिलाही लागला. तीन वर्षांपूर्वी तिने त्या मारवाडी घरातल्या अखिलशी लग्न केलं, तेव्हा मी टेकडीच्या मारुतीसमोर भाऊबंदांदेखत शपथ घेतली — तिच्याशी फोनवर बोलणार नाही, तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. मारुतीची शपथ मोडत नाहीत.

पण शपथेत वायरलेसचं नाव नव्हतं.

परीक्षा दिली. तिसऱ्या वेळी पास. लायसन आलं, त्यावर माझी कॉल-साइन, म्हणजे हवेत ओळख सांगायचा नंबर. मला फक्त ऐकायचं आहे.

सोमवार, १४ ऑक्टोबर

पॅकिंग सेंटरला केळी उतरवली आणि टेकडीवर गेलो. सात वाजता सेट लावला. किर्रर्र — दुसरं काही नाही. इंजिन रेस केलं की किरकिर वर चढते. सेटवरच्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात. घरी आल्यावर सुरेशचंदजींना फोन केला. म्हणाले, "लाल म्हणजे पॉवर बाहेर जात नाही, परत येते."

म्हणजे मी बोललेलं माझ्याच गाडीत परत.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

इंजिन बंद करून पाहिलं. जुनी बॅटरी लगेच बसली, सेट विझला. कौतिक इलेक्ट्रिशियनने ट्रॅक्टर लावून गाडी खाली ओढून आणली. "नाना, या वयात टेकडीवर कोणाले बोलावू राह्यला भो?" चार माणसं हसली. बंद इंजिनचा प्रयोग पुन्हा नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मारुतीला तेल घातलं. उरलेला शेंदूर बोल्टला, आतून. आठवडाभर किरकिर वाढतेच आहे. श्रद्धा कमी पडत असेल.

बुधवार, २३ ऑक्टोबर

टेस्टिंग म्हणून बटन दाबून बोललो. कॉल-साइन सांगितली. एक, दोन, तीन. सुरेशचंदजींनी शिकवलं होतं, बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं आणि बटन सोडायचं, म्हणजे समोरचा बोलतो. मी नाही म्हटलं. समोर कोण आहे?

मग नुसतं बोलत राहिलो. यंदा घड बरे आहेत. टेकडीवर गारठा पडतो, कान दुखतात. असंच.

बरं वाटलं. मीटर लाल होता तेच बरं.

रविवार, २७ ऑक्टोबर

लताबाईने लोकरीची कानटोपी पुढे ठेवली. म्हणाली, "भूमीने पाठवली." बायको लेकीशी रोज फोनवर बोलते, मी ऐकत नसल्यासारखं करतो. विचारलं, आत्ताच का? "आईला कळतं थंडी कधी पडते ते."

माझे कान हिला कधी दिसले?

शुक्रवार, १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

गाडीची पुन्हा पूजा. बोल्टची पुन्हा पूजा.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सुरेशचंदजींचा फोन. "नाना, सव्वासातला आम्ही दोन मिनिटं कोणी बोलत नाही. चॅनेल रिकामा असतो. टेस्टिंग तेव्हाच करा." म्हटलं, काटा तर लालच आहे. "काट्याकडे एवढं बघू नका. करत राहा."

व्यापारी माणूस. गिऱ्हाइकाला नाराज करत नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज बटन दाबलं आणि जे तीन वर्षं घशात होतं ते बोललो. भूमे, तुझ्या लग्नाच्या दिवशी मी कापूस घेऊन धुळ्याला गेलो नव्हतो. जळगावातच होतो. पिंप्राळ्यात रिक्षा स्टॉपवर, दुपारी दोनपर्यंत. हॉलचा बँड ऐकू येत होता. चार चहा प्यालो. दारापर्यंत आलो नाही. शपथ होती. आणि शपथेपेक्षा लाज होती, घेतल्याची.

बोलून झाल्यावर किरकिर तशीच. देव ऐकतो, तेवढं पुरे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सकाळी चहा देताना लताबाई म्हणाली, "पिंप्राळ्याचा चहा बरा असतो का हो?"

मी बशी खाली ठेवली. ती गोठ्याकडे निघून गेली. पदराने डोळे पुसत होती. चुलीचा धूर म्हणावा तर आमच्याकडे गॅस आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर

शेंदूर संपला. नवी पुडी आणली.

शनिवार, ३० नोव्हेंबर

गाडी सेल्फ घेईना. कौतिक आला. वायरी बघत कॅरिअरपाशी थांबला आणि मोठ्याने हसला. "नाना, हे काय करून ठेवलं? बोल्टचा मारुती केला तुम्ही!" कडीखाली शेंदराचा बोटभर थर, वाळून खडक झालेला. "लोखंडाले लोखंड लागलंच नाही, तं अर्थ मिळेल कुठून? म्हणून ते किरकिरते." पॉलिश पेपर काढला.

मी त्याचा हात धरला. देवाचा शेंदूर घासायचा कसा? कौतिक म्हणाला, "मारुतीले काय गाडीतच बसायचं आहे? टेकडीवर त्याले जागा आहे ना."

मी मनात क्षमा मागितली. त्याने घासला. पत्रा पांढरा झाला. जाताना त्याने नवी बॅटरीही बसवून दिली.

रविवार, १ डिसेंबर

सातला टेकडीवर. सेट लावला. किरकिर नाही. काटा हिरव्यात.

तिचा आवाज. शेजारच्या सीटवरून बोलल्यासारखा. दीपनगर, हजर? भुसावळ, हजर? एकेकाच्या गावाचं नाव घेत होती, शाळेत वर्ग सांभाळायची तशी. सुरेशचंदजीही हजर. मी स्टिअरिंग धरून बसलो.

मग म्हणाली, "सव्वासात. नेहमीप्रमाणे दोन मिनिटं चॅनेल मोकळा. रावेरहून नाना बोलतील. त्यांना आपलं ऐकू येत नाही, तरी कोणी मध्ये बोलू नका."

नेहमीप्रमाणे. काटा लाल असतानाही थोडी पॉवर बाहेर जातच होती. माझे कान, माझे चार चहा, माझी लाज — अर्ध्या जिल्ह्याने रोज हजेरी लावून ऐकली. कोणी हसलं नाही, कोणी मला सांगितलं नाही.

बटन दाबवेना. दोन मिनिटं गेली. तिने आणखी एक मिनिट वाट पाहिली. मग हळू म्हणाली, "आज नाना आले नाहीत. तब्येत बरी असू दे."

घरी आलो. मी काही बोलायच्या आत लताबाईने विचारलं, "आज का नाही बोलले?" म्हटलं, तुला सगळं माहीत होतं, तर मला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर बोलले असते का?"

सोमवार, २ डिसेंबर

मारुतीला तेल घातलं. बोल्टला नाही.

सव्वासातला कॉल-साइन सांगितली. म्हटलं, भूमे, नाना बोलतो. तब्येत बरी आहे. ऐकू येतंय.

मग म्हटलं, ओव्हर. आणि बटन सोडलं.