रोहिडा सुगणीकडे राहील

मी, हरखाराम मूळाराम सुथार, वय बहात्तर, धंदा सुतारकाम, शिक्षण दहावी, राहणार सोनाणी ढाणी, जिल्हा बाडमेर, राजस्थान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कान थोडे कमी आहेत. कोणी भाग पाडलेले नाही. माझी पत्नी झमकू या होळीनंतर वारली. तिच्यामागे जे मार्गी लावायचे राहिले ते लावावे, एवढाच हेतू. खाली लिहिलेले सर्व माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे.

१. राहते घर मुलगा लूणकरण यास. मागच्या खोलीचे दार त्याने बदलू नये. ते बिघडलेले नाही, जरा उचलून ढकलावे लागते.

२. वाकस, रंधे, पटाश्या व दोन्ही करवती लूणकरणलाच. जोधपूरला त्याचे सगळे काम मशीनवर होते, तरी त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे इथे नमूद करतो.

३. झमकूची चांदीची कडी सून भंवरी हिला. आजारपणात तिने सासूचे सगळे केले आणि बोलून दाखवले नाही.

४. शेजारी पेमाराम याच्या बकऱ्यांनी झमकूची रोहिड्याची रोपे वर्षानुवर्षे खाल्ली. तो म्हणायचा, "वहिनी, बकरीला काय कळतंय, रोहिडा का बोर?" झमकू म्हणायची, "बकरीला सगळं कळतंय भावजी, म्हणून तर बोर सोडून हेच खाते. तुम्हालाच कळत नाही." ज्या काठीने ती त्या बकऱ्या हाकलायची ती काठी पेमारामला द्यावी. आता त्यानेच हाकलाव्यात.

५. शेत, शेतातले पाण्याचे टाके आणि बांधावरचा जुना रोहिडा, याबद्दल सविस्तर लिहितो, कारण भांडण झाले तर इथेच होईल.

लूणकरणचे म्हणणे आधी लिहितो. तो फोनवर म्हणाला, "बापू, झाड आतून पोखरलं जायच्या आधी उतरवू. असं लाकूड आता बघायला मिळत नाही. आईच्या नावानं देवळाला दार करू." सुतार म्हणून पाहिले तर त्याचे खरे आहे. परंतु पंचक्रोशीत शेंगा धरणारे मोठे झाड हे एकच उरले आहे. बाकीच्यांची दारे आणि पलंग आम्ही सुतारांनीच केले. झमकूने बियांपासून वाढवलेली रोपे अजून कमरेएवढी आहेत, त्यांना शेंगा यायला बराच काळ लागेल. हे झाड पडले तर तोवर बी कुठून आणायचे?

झमकू रोप नुसते वाटत नसे, मुलगी दिल्यासारखे देई. आमच्याकडे मुलीच्या सासरी आईबाप पाणी पीत नाहीत. तो नेम तिने रोपांनाही लावला. ज्या घरी रोप गेले, त्या घरचे पाणी बंद. भर उन्हात ढाण्या-वस्त्या फिरून रोपे बघायची आणि पिण्याचे पाणी घरून न्यायचे. एकदा गेनारामची बायको म्हणाली, "अगं, घोटभर ताक तरी घे, जीभ टाळ्याला चिकटली असेल."

"विहिणीच्या घरचं? आधी माझी पोर दाखव. वाळवली तर नाहीस ना?"

असे करता करता वस्तीत तिला पाणी पिण्याजोगी घरे फार थोडी उरली. पण विहीण कधीही दारात उभी राहील या धाकाने लोकांनी रोपे जगवली.

म्हणून शेत, टाके व रोहिडा मुलगी सुगणी हिला देत आहे. झाड तोडू नये, शेत सोलरवाल्यांना देऊ नये. लूणा, राग धरू नकोस. तुला झाड दिले तर तू दार करशील आणि ते फार सुंदर करशील, हीच भीती आहे. मुलीला शेत दिले म्हणून समाजात बोलतील, बोलू द्यावे. शेत सुगणीचे झाल्यावर त्या टाक्याचे पाणी मला चालणार नाही, पण तेव्हा मी नसेनच, म्हणून अडचण नाही.

६. वरील सर्व माझ्या मरणानंतर. हे कलम आजपासून लागू.

पहिल्या वर्षी झमकूने रोहिड्याचे बी बाजरीसारखे राखेत घोळवून मडक्यात ठेवले होते, दुष्काळासाठी. इथे सगळेच बी तसे ठेवतात. पुढल्या पावसात पेरले, एकही उगवले नाही. ती म्हणाली, "लूणाचे बापू, हे धान्य नव्हे. हे थांबत नाही." तेव्हापासून त्या सालचे बी त्याच साली मातीत जाते. शेंग तपकिरी झाली की उकलायच्या आत तिला चिंधी बांधावी लागते, नाहीतर पंखांचे बी एका वावटळीत उडून जाते. शेंगा आता रंग बदलू लागल्या आहेत आणि माझा हात फांदीपर्यंत जात नाही. सुगणीने आठवड्याभरात यावे.

साक्षीदार ओमदान मास्तर म्हणतात, "काका, मृत्युपत्रात जिवंतपणीचं कलम कसं चालेल? कचेरीत हसतील." त्यांनी ते सोडून वाचावे. सुगणी, तू सोडू नकोस. येताना चिंध्यांसाठी तुझ्या जुन्या ओढण्या घेऊन ये. आईच्या पेटीत पुष्कळ आहेत, पण त्या मला फाडवत नाहीत.

मुक्काम सोनाणी ढाणी, दिनांक १२ मे २०२४

सही: हरखाराम मूळाराम सुथार

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली:
१. ओमदान चारण, शिक्षक
२. गेनाराम सुथार, शेती