रांगेत शून्य पत्रे

१ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.१०

अजिंक्यशेठनी केबिनमध्ये बोलावले. तीस तारखेला मला साठ पूर्ण होतात. म्हणाले, "मॅडम, आता सगळं क्लाउडवर नेतो. तुमच्या मिनीकॉम्प्युटरनं आणि तुम्ही, दोघांनी आराम करा." मी सांगितले, मिनी १९९१ पासून एक दिवसही आजारी पडलेली नाही. (मी दोनदा पडले.) तिच्या ईमेल गेटवेची नवी आवृत्ती आली आहे, ती बघा आणि मग ठरवा. शेवटी म्हणाले, "बरं. महिनाभर बघू. नीट चाललं तर मशीन राहील, तुम्हालाही एक वर्ष वाढवून देतो."

मुदतवाढीत मला रस नाही. ऑफिसला शिस्त लागावी एवढीच इच्छा. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसून मी कुणाला शिस्त लावणार? टीव्हीला?

२ एप्रिल

गुरुबसप्पा अक्कलकोटहून आले. असली मशीन दुरुस्त करणारे या भागात आता तेच एकटे. सातवी आवृत्ती चढवली. शेठना सोपे करून सांगितले: मिनीला बाहेरच्या जगाशी थेट बोलता येत नाही. तिचे टपाल बाहेर नेतो आणि बाहेरचे आत आणतो तो गेटवे. दारावरचा वॉचमनच. शेठ म्हणाले, "वॉचमन आहे की आपल्याकडे, बिरप्पा." दुर्लक्ष केले.

नवी फीचर्स अप्रतिम. विषय न लिहिलेले पत्र आपोआप परत. 'तातडीचे' हा शिक्का फक्त सुपरवायझरला. महिनाअखेरीस आलेखासह अहवाल. आणि सर्वांत मोलाचे: मंजुरीची रांग. बाहेर जाणारे प्रत्येक पत्र सुपरवायझरने वाचून 'ठीक' म्हटल्याशिवाय हलत नाही.

सुपरवायझर मी.

गुरुबसप्पा म्हणाले, "मॅडम, एकेक चालू करा की. सगळी एकदम नको." जेवणाच्या सुट्टीआधी सगळी चालू केली.

४ एप्रिल

लोक काय दर्जाचे लिहितात! एक्स्पोर्टच्या श्रीमंतने हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाला पत्र लिहिले, विषय: 'टॉवेल'. आपला टॉवेलचा कारखाना आहे. प्रत्येक पत्र टॉवेलबद्दलच असणार. परत केले.

चेकिंग-पॅकिंगच्या मायाक्काने होटगी रोडच्या पुठ्ठेवाल्याला लिहिले, 'खोके संपले. उद्या पाठवा.' मायना नाही, समारोप नाही. शिवाय 'खोके' हा शब्द हल्ली सभ्य पत्रात लिहिण्यासारखा राहिलेला नाही. 'पुठ्ठ्याच्या पेट्या' कर म्हणून परत पाठवले. मायाक्का शेडमधून तणतणत वर आली. "बाई, खोकी मागायची हायती, लग्नाचं आवतण न्हाय द्यायचं." तिला मायना म्हणजे काय ते वीस मिनिटे समजावले. मिनीच्या खोलीतली एसीची हवा तिला आवडली असावी, कारण शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

५ एप्रिल

रांगेत २७ पत्रे. मंजूर २. दोन्ही माझी.

९ एप्रिल

पाडवा, सुट्टी. गुढी उभारली. संकल्प: रोज किमान पंधरा पत्रे तपासायची. आवाज चढवायचा नाही.

१० एप्रिल

सहा तपासली. आवाज चढला. चूक श्रीमंतची. त्याचे तेच पत्र चौथ्यांदा आले. गिऱ्हाइकाला किनारीचा रंग पंधरा तारखेच्या आत कळवायचा आहे, नाहीतर ऑर्डर जाईल म्हणतो. मी म्हटले, पत्राच्या शेवटी नुसते 'रिगार्ड्स' वाचून ती तशीही जाईल. म्हणाला, "मॅडम, त्यो जर्मन मानूस स्वतःच नुसतं 'रिगार्ड्स' लिवतो की." दुसऱ्याच्या वाईट सवयी आपण का उचलाव्यात?

सगळे मिनीला लाडाने 'म्हातारी' म्हणतात. "म्हातारीनं आज काय अडवलं?" असे बोलणे चालू असते. मी आले की गप्प होतात. जुन्या यंत्राबद्दल एवढा आदर हल्ली दिसत नाही.

१५ एप्रिल. तापमान ४२

रांगेत फक्त नऊ. सुधारणा सुरू.

श्रीमंत सारखा गॅलरीत जाऊन मोबाईलवर काहीतरी लिहीत असतो. मैंदर्गीला त्याच्या आईची तब्येत बरी नसावी. चौकशी केली नाही, उगाच माणूस हळवा होतो. खोकी आली, मायाक्काने म्हणे स्वतः रिक्षाने जाऊन आणली. तिला फिरण्याची गरज होतीच.

१८ एप्रिल. दुपारी ३

रांगेत शून्य पत्रे.

शून्य! तेहतीस वर्षांत असा दिवस पाहिला नाही. तीन आठवड्यांच्या आत लोक इतके सुधारले की तपासायला काही उरलेच नाही. गुरुबसप्पांना फोन करून सांगितले. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "मॅडम, शून्य म्हंजे बंद तर न्हाय पडलं?" खात्रीसाठी स्वतःच स्वतःला एक पत्र पाठवले. ते मंजुरीसाठी माझ्याकडे आले. विषय मोघम होता, परत केले. दुसऱ्यांदा व्यवस्थित लिहिले, मंजूर. गेटवे उत्तम चालू आहे.

२२ एप्रिल

हॅम्बुर्गचा कंटेनर भरून गेला. खाली पेढे वाटले. मला एक पेढा वर आणून दिला, म्हणजे माझा वाटा लोकांना ठाऊक आहे. ऑर्डर पक्की कधी झाली हे मात्र मला कुणी सांगितले नव्हते. श्रीमंतचे पाचवे पत्र अजून आलेच नव्हते. बहुधा चौथे परत करताना मी जे शेरे लिहिले, तेवढ्यानेच काम झाले असावे.

पुढील वर्षाची योजना लिहून काढली. मुदतवाढीसाठी नव्हे. काढून ठेवलेली बरी.

२६ एप्रिल

अहवाल छापला. आलेखात एकच खांब आहे, पण चांगला उंच आहे. रंगीत प्रत काढली. निळ्या किनारीची साडी इस्त्रीला दिली.

२९ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ६.४०

सकाळी अकरा वाजता अहवाल सादर केला. हजर: शेठ, श्रीमंत, मायाक्का. शेठनी खांबाकडे पाहिले आणि विचारले, महिन्यात बाहेर किती पत्रे गेली? मी म्हटले, एकतीस. कुणाची? मी म्हटले, माझी. "आणि बाकीच्यांची?" मी म्हटले, बाकीच्यांना आता लिहायची गरज पडत नाही, इतकी शिस्त लागली आहे.

मग शेठनी विचारले, हॅम्बुर्गला किनारीचा रंग कुणी कळवला? श्रीमंत बुटांकडे बघत राहिला. मायाक्काला राहवले नाही. "दाव की रं, आता काय लपवायचं?" श्रीमंतने मोबाईल पुढे केला. व्हॉट्सॲपचा ग्रुप. त्यात सगळे ऑफिस, शेड, पुठ्ठेवाला, तो जर्मन. वॉचमन बिरप्पासुद्धा. ग्रुपचे नाव 'मागचं दार'. सुरुवात ५ एप्रिल. सुरू करणारे: अजिंक्यशेठ.

शेठ ओशाळले. लहानपणी मिनीच्या खोलीत पेन्सिल चोरताना सापडायचे, तेव्हा अगदी असेच दिसायचे. म्हणाले, "मॅडम, माल तर पाठवायचा होता ना."

निर्णय: मिनी उद्या बंद. एसीची खोली श्रीमंतला. मला एक वर्ष वाढवून मिळाले आहे, पण चेकिंगच्या टेबलावर, मायाक्काच्या हाताखाली. शेठ म्हणाले, "चुका काढण्यात तुमचा हात कुणी धरू शकणार नाही." हे कौतुकच आहे. दोनदा आठवून पाहिले. कौतुकच.

३० एप्रिल

दुपारी चार वाजता बटण मीच बंद केले. पंखा फिरत फिरत थांबला. खोली एवढी शांत असते हे माहीत नव्हते. इतर काही नोंद नाही.

२ मे, गुरुवार

चेकिंगचा पहिला दिवस. शेडमध्ये एसी नाही, पण उजेड भरपूर. दोनशे टॉवेल तपासले. पास: पाच. मायाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, पोरगी बघाया आलाय व्हय? टॉवेल हाय त्यो. त्यानं पाय पुसत्यात." उरलेले एकशे पंच्याण्णव तिने माझ्यासमोर अर्ध्या तासात पास केले. नंतर स्वतःच्या डब्यातली शेंगांची चटणी माझ्या भाकरीवर वाढली.

संध्याकाळी तिने मला ग्रुपमध्ये घेतले. म्हणाली, "तुमीबी आता आमच्यातल्याच की." सर्वांनी नमस्काराचे हात पाठवले. जर्मनानेही.

घरी येऊन ग्रुपसाठी पत्रलेखनाचे नियम एक ते चाळीस लिहून काढले. रात्रीच्या जेवणाआधी पाठवायला गेले, तर लिहायची जागाच गायब. तिथे एक ओळ: 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात.' नवे फीचर दिसते. उपयुक्त आहे. ॲडमिन कोण ते पाहायला यादी उघडली.

ग्रुपमध्ये आम्ही तेवीस. ॲडमिन बावीस.