मी मुरवलेला मुरघास

१२ सप्टेंबर
मुरघासाचा खड्डा भरून झाला. मक्याची कुट्टी थरावर थर तुडवली, वर प्लास्टिक, त्यावर जुने टायर. सूनबाईने गुरांच्या डॉक्टरांकडून जिवाणूंची पावडर आणली होती. ती पडली की चारा नीट आंबतो, मेंढ्यांना पचतो, असं तिचं म्हणणं. कोमट पाण्यात कालवायची होती. मी उकळतं घेतलं. जंतू असतील नसतील ते मरावेत.
नोकरी सोडून घेतलेल्या सोळा मेंढ्या तिच्या, सगळ्या गाभण. म्हणाली, बाबा, खड्डा तुमच्यावर सोपवला, फक्त पंचेचाळीस दिवस उघडायचा नाही. म्हटलं, निर्धास्त राहा. चाऱ्यातलं मला कुणी शिकवलं नाही, म्हणूनच इतकं येतं.

१३ सप्टेंबर, सकाळी ७
आत काय चाललंय, जिवाला चैन नाही. कोपऱ्यातला टायर सरकवला, कागद उचलला, वास घेतला, परत झाकलं. उघडणं वेगळं, डोकावणं वेगळं.

१४, १५, १६ सप्टेंबर
डोकावलो. उत्तम.

२१ सप्टेंबर
उद्यापासून डोकावणं बंद. पक्कं.

२२ सप्टेंबर
शेवटचं एकदा.

४ ऑक्टोबर
कोपऱ्यात पांढरी बुरशी. आंबट वास जाऊन बंद तळघरासारखा वास येतोय. मुरण्याची पुढची पायरी असावी. बायकोने विचारलं, हाताला कसला वास? म्हटलं, मेहनतीचा. म्हणाली, मेहनत सडलेली दिसते. तिला बोलायला निमित्तच हवं असतं.

१० ऑक्टोबर
त्या कोपऱ्यात अर्धी बादली उसाची मळी ओतली. गोड घातलं की कुणीही सुधारतं. सासऱ्यांच्या बाबतीत हा प्रयोग यशस्वी झाला होता.

२७ ऑक्टोबर
आज रीतसर उघडला. सूनबाई यायच्या आत बुरशीचा भाग उकरून चांगल्या चाऱ्यात मिसळून टाकला. वाया कशाला घालवायचा? वरचा रंग बघून ती खूश. बाबा, तुमच्यामुळे जमलं, म्हणाली. कॉलर ताठ.

१४ नोव्हेंबर
मेंढ्या खातायत. दोन-तीन तोंड फिरवतात. लाडावल्यात.

१९ नोव्हेंबर
काळ्या तोंडाची मेंढी सकाळपासून गोल फिरतेय. डावीकडे, एकाच वाटेने. मातीत वर्तुळ उमटलंय. ही चाऱ्याची ताकद! बायको म्हणाली, अहो, तिचा एक कान लोंबतोय. म्हटलं, ऐकण्यासारखं काही नसेल इथे.

२० नोव्हेंबर
लाळ गळतेय. चारा आवडल्याची खूण. पण आता ती भिंतीला कपाळ टेकून उभी आहे, हलवली तरी हलत नाही. दुपारी दुसरीने फिरायला सुरुवात केली. तीही डावीकडे.
गोठा फार शांत वाटतो.

२१ नोव्हेंबर, सकाळी ६
काळ्या तोंडाची गेली. वय झालं होतं. (सूनबाई म्हणते, तीन वर्षांची होती.) आणखी एकीने वेळेआधीच मेलेलं कोकरू टाकलं. थंडीही पडली आहे म्हणा.

२२ नोव्हेंबर
डॉक्टर आले. फिरणाऱ्या मेंढीकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, हवा लागून बिघडलेल्या मुरघासातून असा रोग होतो, थेट मेंदूत जातो, गाभही पडतो. खड्डा किती दिवस बंद होता?
मी काही बोलायच्या आत सूनबाई म्हणाली, "पूर्ण पंचेचाळीस दिवस. बाबांनी एकदाही उघडला नाही, डॉक्टर. मी त्यांच्यावरच सोपवला होता."
तसं असेल तर चाऱ्याचा दोष नसावा, डॉक्टर म्हणाले. चालू राहू द्या, दुसरं कारण शोधू.
तिने घमेलं उचललं. गव्हाणीत चारा पडला. मेंढ्या पुढे सरकल्या. मी मनात बरीच वाक्यं जुळवली होती. थंडी, मेंढ्यांचं वय, पावडरचा दर्जा. बाहेर एकच आलं.
"रोज उघडत होतो."
डॉक्टरांनी पिशवीतून इंजेक्शनं काढली. सूनबाई गव्हाणीतून चारा परत उपसू लागली, दोन्ही हातांनी, भराभरा. मी मदतीला वाकलो.
"नको, बाबा," म्हणाली. आवाजही चढवला नाही.