थंडीतलं कोलेस्टेरॉल

१२ फेब्रु.
कॉलेजात व्याख्यान आहे. विषय: पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल काय करतं. वक्त्या: सुलभा. सुलभा! माझ्या हाताखाली नोकरीला लागली, माझ्यानंतर रिटायर झाली. जन्मभर तो धडा मी शिकवला. मला नुसती पत्रिका, तीही व्हॉट्सॲपवर.
आमचे हे म्हणाले, "कशाला जळतीस? तुझंच कोलेस्टेरॉल वाढंल."
वाढू दे.

१४ फेब्रु.
लॅबमधल्या कांताबाई बाजारात भेटल्या. "बाई, सुलभा मॅडम पोरींना मैदानात उभ्या करून प्रॅक्टिस घ्यायल्यात. तुमी घ्यायच्या तसंच!"
माझा खेळ! प्रत्येक पोर म्हणजे एक लिपिड, पडद्यातला चरबीचा रेणू. दोन पाय त्या दोन शेपट्या. मधेमधे काही पोरी ताठ उभ्या, त्या कोलेस्टेरॉल. 'ऊन' म्हटलं की बाकीच्या हलायच्या, पण ताठ पोरींना अडायच्या. पडदा फार सैल होत नाही. 'थंडी' म्हटलं की खांद्याला खांदा लावू बघायच्या, पण त्याच ताठ पोरी मधे येऊन रांग जुळू द्यायच्या नाहीत. पडदा गोठत नाही. हा खेळ कुठल्या पुस्तकात नाही. माझ्या डोक्यातला.
जाणार नाही.

१७ फेब्रु.
गेले. सुलभा नवी इरकल नेसून. ती आत आली तसे सगळे उठले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी मलाही उठायला शिकवलंय. पण मी पर्समध्ये चष्मा शोधत बसले.
'ऊन' झकास झालं. टाळ्या. मग म्हणते, "म्हणजे कोलेस्टेरॉल पडदा घट्ट करतं." संपलं? थंडी कुठं गेली?
एका पोरीनं विचारलंच, "मॅडम, थंडीत पण घट्टच करतं का?"
आता बरी सापडली, म्हटलं. तर हसून माझ्याकडं हात केला. "ते कुमुदताईंना विचारा. खेळ त्यांचाच, मी नुसता उचललाय."
उठावं लागलं. थंडी करून दाखवली. पोरी खूष. पण चहाला जो तो तिलाच म्हणतोय, "किती मोठं मन!" खेळ माझा, उत्तर माझं, आणि मन मोठं तिचं.

१८ फेब्रु.
विसरली, की थंडी मुद्दाम माझ्यासाठी ठेवली? मुद्दाम असेल तर जास्तच राग येतो.

१९ फेब्रु.
तिचा फोन. शनिवारी वाशीच्या कॉलेजात तेच व्याख्यान. "ऊन मी घेते, थंडी तुम्ही घ्या. याल ना ताई?"
"बघते."
हिरवी इरकल काढून ठेवलीय. तिच्या साडीपेक्षा भारी. पण थंडी आधी, ऊन नंतर. कबूल असेल तर...
अजून कळवलं नाही.